खसखशीचा डबा

डोलिना, सस्कॅचेवान
१४ सप्टेंबर २००२

माझी सोन्यासारखी झेनिया,

तुझं पत्र गुरुवारी आलं. पोस्टातल्या बाईने काचेखालून सरकवलं तेव्हाच पाकीट जाड लागलं हाताला, म्हटलं यात एक नाही, दोन बातम्या आहेत. घरी जाईपर्यंत धीर कुठला. गाडीतच बसून वाचलं. तुझा आजोबा खिळे घेऊन दुकानातून आला तरी मला पत्ता नाही. म्हणाला, "तेक्ला, रडतेस की हसतेस?" म्हटलं, "दोन्ही. तू गाडी चालव."

मार्चमध्ये बाळ, आणि आत्तापासून सरकारी नोकरी. अगं, या घरात सरकारी टेबलाशी बसलेलं कोणी नाही. मी तिसरीपर्यंत शिकले, त्यातही बटाट्याच्या काढणीला घरीच असायचे, म्हणून माझी अक्षरं ही अशी, कोंबड्या चालून गेल्यासारखी. तू हसू नकोस. शनिवारी चर्चच्या तळघरात आम्ही बारा जणी जेवणावळीच्या पिरोह्यांत बटाट्याचं सारण भरत होतो. मी मुद्दाम सगळ्यांचे हात पिठात जाईपर्यंत थांबले, म्हणजे कोणी उठून जायला नको, आणि मग सांगितलं. हारासिमची नास्तिया म्हणते, "कुठलं खातं?" आता मला काय माहीत? तू लिहिलंयस नुसतं, सरकारचं एक कार्यालय, डोक्याला फोन लावून बसायचं. खात्याचं नाव कळव बाई, नास्तियाचं तोंड बंद करायचंय. ती पिरोहीच्या कडा नीट दाबत नाही, उकळताना सगळ्या उघडतात, आणि माझ्या नातीची चौकशी करते.

तुझा आजोबा बरा आहे. गुडघा दुखतो. नवीन कायद्यावरून मात्र डोकं गरम. येत्या पहिल्या जानेवारीपर्यंत सगळ्यांनी आपापल्या बंदुका सरकारात लिहून द्यायच्या म्हणे, नंबरासकट. गेल्या आठवड्यात हॉलमध्ये सभा झाली. तुझा आजोबा प्रोकिप कधी सभेत बोलत नाही, तुला माहीतच आहे, लग्नातसुद्धा त्याच्या वतीने दुसऱ्याने भाषण केलं होतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ज्याला माझी बंदूक लिहून घ्यायची आहे त्याने आधी माझ्या बापाची परत आणून द्यावी." आणि बसला. मग हारासिमने टेबलावर अशी मूठ आपटली की माझी कॉफी माझ्याच मांडीवर. "एकही जण लिहून देणार नाही," म्हणतो, "बघू यांच्याकडे किती तुरुंग आहेत."

पुरुषांचं चालायचंच. तू दूध पी. रेआलला सांग, जड काही उचलू देऊ नको बायकोला.

तुझी आजी तेक्ला

*

न्यू ब्रन्सविक
२८ सप्टेंबर २००२

प्रिय आजी,

हे पत्र आजोबांना दाखवू नकोस. फोनवर बोलता येत नाही, ते नेहमी शेजारच्या खुर्चीत असतात, म्हणून लिहितेय.

नास्तियाआजीला खात्याचं नाव सांगू नकोस. माझं कार्यालय तेच आहे. बंदुकांच्या नोंदणीचं. देशभरातले अर्ज आमच्याकडे येतात. मी सकाळी आठला बसते, चारला उठते, आणि दिवसभर लोकांच्या बंदुकांचे नंबर संगणकात घालते. कोणाला अर्ज भरता आला नाही तर तो फोन करतो, मी मदत करते. पहिल्या पत्रात मुद्दामच लिहिलं नव्हतं. घाबरले होते.

फोनवर लोक ओरडतात. "आज लिहिताय, उद्या न्यायला याल." आम्हाला शिकवलंय, आवाज चढवायचा नाही, सांगायचं: काका, ही नुसती यादी आहे. काल एक म्हातारा माणूस ओरडला नाही, रडला. त्याचं नाव, गाव लिहिताना मी आजोबांचंच लिहितेय असं वाटत होतं मला.

आजी, खरंच नुसती यादी आहे. कोणीही काही न्यायला येणार नाही. पण तारीख उलटली आणि कागद नसला तर आजोबा कायद्याने गुन्हेगार होतील. अर्ज सोबत ठेवलाय. सही कुठे करायची तिथे मी पेन्सिलीने छोटं फूल काढलंय. तू सांगितलंस तर ऐकतील.

तुझी झेनिया

*

डोलिना
११ ऑक्टोबर २००२

माझी झेनिया,

तुझं पत्र मी कोंबड्यांच्या खुराड्यात बसून वाचलं. दोनदा. मग चुलीत घातलं. अर्ज नाही घातला, त्यावर तुझं फूल आहे, तो मी स्वयंपाकघरातल्या देवाच्या तसबिरीमागे सरकवला. आता यापुढे पत्र नास्तियाच्या पत्त्यावर पाठव. ती उघडणार नाही. उघडलं तर मला कळेल, तिचे हात कायम लोण्याचे असतात.

तुझ्यावर रागावले नाही गं. नोकरी ती नोकरी. पण आजोबाला कधी, कधीच म्हणू नकोस की नुसती यादी आहे. हेच शब्द नको. का ते सांगते. तुझ्या आईलाही मी सगळं सांगितलं नव्हतं, तुम्हाला वाटतं पणजोबा लढाईत गेले.

प्रोकिप चौदा वर्षांचा होता, त्यांच्या गावात, तिकडे जुन्या देशात. नवीन राज्य आलं. शाळेत टेबल मांडलं आणि दवंडी दिली, ज्याच्याकडे बंदूक असेल त्याने नाव लिहवावं. त्याच्या बापाकडे दोन नळ्यांची होती, रानडुकरांसाठी. बाप सरळ माणूस. प्रोकिपला बरोबर घेऊन गेला. टेबलामागे परगावचा कारकून, गोरा, स्वच्छ नखांचा, त्याने मुलाला सफरचंद दिलं. बापाने विचारलं, "घेऊन जाणार नाही ना?" कारकून म्हणाला, "छे हो. नुसती यादी आहे." हिरव्या शाईने लिहिलं. चार महिन्यांनी, बर्फात, तीन जण आले. हातात कागद. कागदावरून नाव वाचलं. बंदूक नेली आणि बापही नेला. बाप चुलीपाशी बसला होता, उठलासुद्धा नाही आधी, त्याला वाटलं काहीतरी चूक आहे, यादीत बघून दुरुस्त करतील. पुन्हा कोणी पाहिलं नाही त्याला. मेल्याचं कळलं नाही म्हणून प्रोकिप अजून त्याचं नाव मेलेल्यांच्या वहीत घालू देत नाही. दर वर्षी उपासाच्या दिवसांत पाद्री ती वही वाचतो, माझी आई, माझा बाप, माझे दोन भाऊ, सगळ्यांची नावं येतात आणि त्याच्या बापाचं येत नाही. बासष्ट वर्षं.

आता तू सांग, तो सही करेल?

परवा त्याने दारावरची रायफल काढली. मूस हरणाच्या शिंगांच्या खुंट्यांवर पन्नास वर्षं होती ती. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा पट्टा उरलाय, तिथे चुलीचा धूर लागला नव्हता ना. तेलकट ताडपत्रीत गुंडाळून, दोरीने बांधून, कोठीत गव्हाखाली पुरून आलाय. छोटी बावीस नंबरची, बिळातल्या खारी मारायची, तीही. आणि खिडकीपाशी खुर्ची ठेवलीय, रस्ता दिसेल अशी. म्हटलं, "काय बघतोस?" म्हणाला, "हवा." रस्त्यावर दिवसाला दोन गाड्या जातात. एक आपलीच.

तुझ्या बाळाला पिवळा स्वेटर विणतेय. मुलगा झाला तरी चालतो, मुलगी झाली तरी चालतो. लोकर छान आहे, पण मधेच टाके मोजायचे विसरते.

आजी

*

न्यू ब्रन्सविक
२ नोव्हेंबर २००२

आजी,

तुझं पत्र आल्यापासून मला फोनवर तो शब्द बोलवत नाही. "नुसती" म्हणायला गेले की हिरवी शाई दिसते. माझी वरिष्ठ म्हणाली, झेनिया, वाक्य पूर्ण कर.

नोकरी सोडली असती. पण इथला कागदाचा कारखाना बंद झाला, रेआल घरी आहे. नाही सोडता येत.

मी शपथेवर सांगते की आज कोणी न्यायला येणार नाही. माझ्या टेबलाशी बसणारी माणसं बरी आहेत आजी, समोरची बाई मला रोज सूप आणते. पण पन्नास वर्षांनी तीच यादी कोणाच्या हातात असेल, ते मला कसं माहीत असणार. हे मी इथे कोणालाही बोलू शकत नाही, तुला बोलते.

डॉक्टरांनी मला डाव्या कुशीवर झोपून राहायला सांगितलंय. डिसेंबरपासून रजा. नाताळला येता येणार नाही.

एक विचारते, खरं सांग. कोणी पोलीस सहज जरी आला, दुसऱ्याच कशासाठी, तर आजोबा काय करतील?

झेनिया

*

डोलिना
८ डिसेंबर २००२

माझी बाळी,

डाव्या कुशीवरच झोप. मी तुझ्या आईच्या वेळी उजव्या कुशीवर झोपले म्हणून ती अशी हट्टी झाली, असं माझी सासू म्हणायची. स्वेटर झाला. आता टोपी.

तू विचारलंस त्याचं उत्तर त्यानेच दिलं, मी न विचारता. न्याहारीला. अंड्यावर मीठ घालता घालता म्हणाला, "आले तर मी चुलीपाशी बसून राहणार नाही. माझा बाप बसून राहिला." एवढंच. मग मीठ मला दिलं.

त्र्याहत्तर वर्षांची झाले झेनिया, मी ते मीठ कॉफीत घातलं. हा माणूस मुंगीवरून पाय उचलणारा. कुत्रं म्हातारं झालं तेव्हा त्याला गोळी घालायला हारासिमला बोलवावं लागलं. पण तो म्हणाला म्हणजे म्हणाला. आणि आपला कॉन्स्टेबल डर्कसन, त्याला दोन लहान मुली आहेत, एकीचे पुढचे दात पडलेत.

कोणाला सांगू? पाद्र्याला सांगितलं तर तो समजावायला येईल. तुझ्या मामाला सांगितलं तर तो पोलिसांना फोन करेल. प्रोकिपला मी सतरा वेळा सांगितलं. पाया पडायचं बाकी ठेवलं. एकदा तेही केलं. मला उठवलं, गुडघे झटकले माझे, आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसला.

मग मंगळवारी तो दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि मी कोठीत गेले. कोपरापर्यंत गहू उपसला. गाठ नीट बघून ठेवली, तशीच परत बांधायची म्हणून. रायफलीचा तो लोखंडी दांडा असतो ना, मागेपुढे ओढून गोळी भरतात, तो काढला. कसा काढायचा ते त्यानेच शिकवलं होतं मला, एक्कावन्न साली, कोल्हे कोंबड्या न्यायचे तेव्हा. त्याच्याशिवाय ती नुसती नळी. छोट्या बंदुकीचाही काढला, तो विहिरीत टाकला. मोठा टाकवला नाही. त्याने तो दर रविवारी पुसलेला आहे. खसखशीच्या डब्यात खुपसून ठेवलाय, वर चार बोटं खसखस. स्वयंपाकघरातल्या डब्यांना तो हात लावत नाही.

त्रेपन्न वर्षांत त्याला न विचारता त्याची वस्तू पहिल्यांदा घेतली. चोर कसा झोपतो ते आता मला माहीत आहे. झोपत नाही.

आजी

*

न्यू ब्रन्सविक
१९ डिसेंबर २००२

आजी,

वाचून आधी जीव भांड्यात पडला आणि मग रडू आलं.

बातमी अशी की उन्हाळ्यापर्यंत मुदत वाढवून देतायत. पहिल्या तारखेला कोणीही येणार नाही. कुठून कळलं ते न सांगता आजोबांना सांगता आलं तर सांग. आणि दांड्याचंही तूच सांग. दुसऱ्या कशावरून त्यांना कळायला नको.

झेनिया

*

डोलिना
९ जानेवारी २००३

झेनिया बाळा,

ख्रिस्त जन्मला. आपल्या जुन्या पंचांगाच्या नाताळाला, सहा तारखेच्या रात्री, तुझं ताट मांडलं होतं, आणि छोट्याचंही, बशीएवढं. नास्तिया म्हणाली अजून न जन्मलेल्याचं मांडू नये. म्हटलं, मेलेल्यांचं मांडतो, मग या बाळाने काय वाईट केलंय.

बारा पदार्थ केले. गव्हाची खीर करायला खसखस लागतेच, आणि प्रोकिप नेमका तेव्हा खलबत्ता घेऊन पुढ्यात. म्हणाला, "आण, मी कुटतो." दर वर्षी तोच कुटतो. मी पाठ करून वाटीने वरची वरची खसखस काढली. घाईत अर्धी जमिनीवर सांडली. "आज मुंग्यांचाही सण," म्हणाला. किती दिवसांनी हसला. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तो हसत होता गं.

मुदत वाढल्याचं मी रेडिओवर ऐकलं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "चार महिने त्यांनीही दिले होते."

पहिली चांदणी दिसली की तो अंगणात जाऊन आभाळात एक बार काढतो, तुला आठवतं, तू लहानपणी कानात बोटं घालून पायऱ्यांवर उभी राहायचीस. मग शेतापलीकडून हारासिमचा बार. मग आम्ही जेवायला बसतो. म्हणजे तेही आहेत, आम्हीही आहोत. या वर्षी चांदणी निघाली आणि प्रोकिप नुसताच उभा. "बार काढला तर रस्त्याला कळतं बंदूक कुठे आहे." मी मनात म्हटलं, देवा तुझे उपकार, कोठीत गेला असता तर? आणि तेवढ्यात पलीकडून हारासिमचा बार झाला.

प्रोकिप वळून माझ्याकडे बघायला लागला. थोड्या वेळाने दुसरा बार. मग पाऊण तासाने हारासिम स्वतः, कमरेएवढ्या बर्फातून, खांद्यावर त्याची बंदूक, मिशीला बर्फ. "मेलास की काय रे? दोनदा हाक मारली."

"तुझी बंदूक बाहेर कशी?" प्रोकिपने विचारलं.

हारासिम बूट काढत बसला. एकच बूट कितीतरी वेळ. मग म्हणाला, "नास्तिया रडायला लागली. नातू पोलिसात जाणार म्हणतोय. ऑक्टोबरमध्येच कागद पाठवला मी."

"टेबल तूच आपटलं होतंस."

"आपटलं होतं."

प्रोकिपने त्याला जेवायला वाढलं. सणाच्या दिवशी दारातून परत पाठवत नाहीत. तो गेल्यावर म्हणाला, "तेक्ला, आता फक्त मी राहिलो."

त्यानंतर चर्चलाही येत नाही. शेत सोडून जायला नको म्हणतो. मग मीही जात नाही, त्याला एकट्याला सोडून कशी जाऊ. दिवसभर तो रस्त्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे. लोकर संपली.

आजी

*

डोलिना
२७ जानेवारी २००३

झेनिया,

झालं ते सांगते. आधीच सांगते, सगळे जिवंत आहेत. नीट झोपूनच वाच.

आम्ही दोन रविवार चर्चला गेलो नाही, म्हणून पाद्री कोणत्या दिवशी कोणाचं घर तीर्थ शिंपडायला जाणार ते काही कळलं नाही. नवीन पाद्री आहे, फादर सेवेरिन, पन्नाशीचा, जाडजूड, सहा गावं त्याच्याकडे. त्याची गाडी आपल्या वळणावर खड्ड्यात गेली. उणे अडतीस. तिथून डर्कसन चालला होता, त्याने त्याला आपल्या गाडीत घेतलं. पोलिसांच्या गाडीत. वर दिवे असतात त्या.

सकाळचे अकरा. मी कणीक मळत होते. खुर्ची पडल्याचा आवाज आला. प्रोकिप दारातून बाहेर, कोट नाही, टोपी नाही, घरातल्या चपला. कोठीकडे. मी खिडकीतून पाहिलं तर ती गाडी फाटकातून आत येत होती.

मी धावले नाही झेनिया. मला लाज वाटते सांगायला. मी आधी कणकेचे हात धुवायला लागले. मग कळलं मी काय करतेय, आणि डबा उचलला आणि तशीच पळाले.

तोपर्यंत तो कोठीतून बाहेर आला होता. हातात रायफल, अर्धी ताडपत्री अजून गुंडाळलेली, चपलांमध्ये गहू. डर्कसनने एक पाय गाडीबाहेर ठेवलेला आणि हात कमरेशी. पाद्री पलीकडच्या दारातून उतरत होता, एका हातात क्रूस, एका हातात तीर्थाची बादली, आणि त्याला काहीच दिसलं नव्हतं, त्याने गाणं सुरू केलं होतं. जॉर्डनचं गाणं, ख्रिस्ताच्या नदीस्नानाचं. भरड्या आवाजात.

प्रोकिपने दांडा ओढायला हात मागे नेला. तिथे दांडा नव्हता. त्याने पुन्हा हात नेला. खाली पाहिलं. त्या भोकात बोट घालून पाहिलं, मूल तोंडातल्या पडलेल्या दाताच्या जागी घालतं तसं.

मी मधे जाऊन उभी राहिले. डबा उपडा केला बर्फावर. काळी खसखस पसरली आणि त्यात तो दांडा. म्हटलं, "हा इथे आहे. डर्कसन, हा इथे आहे, त्याच्याकडे काही नाही. मी काढला. डिसेंबरपासून माझ्याकडे आहे."

पाद्री गायचा थांबला.

डर्कसनने बर्फातल्या दांड्याकडे पाहिलं. मग हात कमरेवरून काढला, हातमोजा घातला, हळू. म्हणाला, "प्रोकिपकाका, मी फादरना सोडायला आलो. मला तर एक म्हातारा लोखंडी पाइप घेऊन दिसतोय. नळ फुटला का तुमचा?" त्याने दुसरा पायही गाडीबाहेर ठेवला. "पाइप आत ठेवा. आणि टोपी घाला, कान गळून पडतील."

प्रोकिप त्याच्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "त्यांनी यादी करून नेली. तू यादीसुद्धा केली नाहीस."

मी दांडा उचलून त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला नाही. डर्कसनकडे वळले, त्याने मान हलवली. पाद्र्याने तर बादलीच पुढे केली, त्याला वाटलं मी तीर्थ मागतेय. कोणीच घेत नाही म्हणून पुन्हा डब्यात टाकला. फादरने घर शिंपडलं, कोंबड्या शिंपडल्या. कॉफी प्यायला थांबले नाहीत.

सहा दिवस झाले. तो बोलत नाही. जेवतो, लाकडं आणतो, बोलत नाही. खुर्ची फिरवलीय त्याने. आता तिची पाठ रस्त्याकडे आहे आणि तोंड माझ्याकडे. मी भांडी घासते तेव्हा माझ्या हातांकडे बघत बसतो. रस्त्यावरून काल दूधवाल्याची गाडी गेली, त्याने मानही वळवली नाही. बाहेरच्यांची भीती गेली त्याची. आता घरातलीच.

त्याचा जीव वाचावा म्हणून केलं. तो वाचला, आणि मला तो सापडत नाही. काय करू सांग. तुझ्याशिवाय कोणाला विचारू.

आजी

*

न्यू ब्रन्सविक
६ फेब्रुवारी २००३

प्रिय आजोबा,

हे पत्र तुमच्याच नावाने पाठवतेय.

आजीने मला सगळं लिहिलं. सप्टेंबरपासून लिहीत होती. तिने एकटीने लपवलं असं नाही, मीही लपवलं. माझी नोकरी बंदुकांच्या नोंदणीच्या कार्यालयात आहे. ती यादी मी करते. तुम्ही खिडकीतून ज्याची वाट बघत होता ती मी आहे, आजोबा.

मी लोकांना सांगत होते, नुसती यादी आहे. पणजोबांचं कळल्यावर ते वाक्य मला पूर्ण करता आलं नाही. पण कामही सोडलं नाही. दोन्ही खरं आहे.

आजीवर राग धरू नका. तिला दांडा विहिरीत टाकता आला असता. तिने तो खसखशीत ठेवला, म्हणजे गंजू नये.

माझ्यावर धरा. मी लांब आहे, मला झेपेल. तिला त्याच घरात राहायचंय.

तुमची झेनिया

*

डोलिना
२४ मार्च २००३

माझी झेनिया, आणि माझी छोटी स्तेफा,

रेआलचा फोन आला तेव्हा मी रिसीव्हर उलटा धरला होता, त्यामुळे पहिलं काही ऐकूच आलं नाही, नुसतं समुद्रासारखं. मग कळलं मुलगी. सहा पौंड. स्तेफा नाव. स्तेफान हे प्रोकिपच्या बापाचं नाव आहे हे तुला कोणी सांगितलं? मी तर लिहिलं नव्हतं. तुझ्या आईने सांगितलं असेल. स्वेटर मोठा होईल, बाह्या दुमडून घाल.

मी प्रोकिपला सांगितलं, "स्तेफा ठेवलंय." तो खुर्चीत होता. बसूनच राहिला. मग उठून बाहेर गेला, लाकडं फोडायला, आणि फोडायला एकही लाकूड नव्हतं, सगळी फोडून झालेली. तसाच उभा राहिला.

तुझं पत्र आलं होतं फेब्रुवारीत, ते त्याने उभ्याने वाचलं आणि खिशात घातलं. काय लिहिलंयस ते मला दाखवलं नाही. बरंच झालं, आता आम्ही फिटंफाट. ते अजून त्याच्या शर्टाच्या खिशात आहे, शर्ट धुताना मी काढते, नवीन शर्टात ठेवते. वाचलं नाही. थोडंसं वाचलं.

उपास चालू आहेत. मागच्या शनिवारी आम्ही चर्चला गेलो, दोघं. जायच्या आधी त्याने मेलेल्यांची वही टेबलावर ठेवली आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हटलं, "तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." म्हणाला, "तू लिही." दोन महिन्यांनी पहिला शब्द. मी लिहिलं, स्तेफान. फ वाकडा झाला. निळ्या शाईने लिहिलं, मुद्दाम बघून घेतलं. फादर सेवेरिनने भरड्या आवाजात वाचलं तेव्हा प्रोकिपने माझा हात धरला नाही वगैरे, पण बाकावर थोडा सरकला, माझ्या बाजूला.

तुझा अर्ज तसबिरीमागेच आहे. फूल दिसतंय अजून. सही नाही. मी काही म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. डर्कसन एकदा आला होता, फाटकापाशीच थांबला, आपल्या मुलीचे दात आले म्हणून सांगितलं आणि गेला. उन्हाळ्याची मुदत आहे ती आहे. रात्री अजून मला जाग येते आणि मी हाताने चाचपून बघते, शेजारी आहे ना.

खाली तो दोन ओळी लिहितोय, मी कागद त्याच्याकडे सरकवते.

"झेनिया, माझ्या बापाला ज्याने लिहून घेतलं त्याचं नाव मला कधी कळलं नाही. तुझं नाव मीच ठेवलंय. उन्हाळ्यात मुलीला घेऊन ये. या टेबलाशी बस आणि मला बंदुकीचा नंबर विचार. सांगेन की नाही ते तेव्हा बघेन. आजोबा."

हे त्याने लिहिलं, मी काही सुचवलं नाही. आता पुढे मी.

आज सकाळी म्हणाला, "पोरगी झालीय, घरात खसखशीची पोळी नको?" उपासात अंडं चालत नाही, लोणी चालत नाही, पण म्हटलं करते, तेलात करते. माझे हात कणकेत. म्हटलं, "डबा वरच्या फळीवर आहे, तूच काढ." बोलून गेले आणि मग आठवलं त्यात काय आहे.

त्याने डबा काढला. झाकण उघडलं. बर्फातून गोळा केलेली आहे ती खसखस, मी धुऊन वाळवून परत भरली होती. त्याने हात आत घातला, मनगटापर्यंत. हात मधेच थांबला. मी कणीक मळतच राहिले, दुसरं काय करणार, मळता मळता ती दगडासारखी झाली. तो तिथे तसाच उभा, डब्यात हात, बोटं आत काहीतरी धरून आहेत हे मला त्याच्या खांद्यावरून दिसत होतं.

मग त्याने हात बाहेर काढला. मुठीत खसखस होती, नुसती खसखस. ती त्याने खलबत्त्यात घातली, झाकण लावलं, डबा वर ठेवला आणि कुटायला बसला.

आजी